प्लेगची लस शोधणारे हाफकिन

सन 1896 चा पावसाळा सरत आला होता. मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींत आणि दाट वस्तीच्या चाळींत, उंदीर मरून पडू लागले. काही दिवसांत माणसेही अंथरुणाला खिळू लागली. एकाएकी हुडहुडी भरून ताप चढावा, जांघेत किंवा काखेत सुपारीएवढी गाठ यावी, रोग्याने भ्रमात बडबडावे आणि तीन-चार दिवसांत सारे संपावे, असा तो विलक्षण रोग होता. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगास हे त्या वेळी मांडवीत दवाखाना चालवीत असत. 23 सप्टेंबर रोजी त्यांनी हा रोग म्हणजे प्लेग होय असे निदान केले. आरंभी अनेकांना ते खरे वाटेना. परंतु मृत्यूंची संख्या वाढत गेली, तशी शंकेला जागा उरली नाही. लोक बोचकी बांधून शहर सोडू लागले. आगगाड्या आणि बोटी माणसांनी भरून वाहू लागल्या आणि पुढील काही महिन्यांत शहरातील निम्म्याच्या आसपास लोक बाहेर पडले.

या धावपळीच्या दिवसांत, जेव्हा जो तो मुंबईबाहेर जाण्याची वाट शोधत होता, तेव्हा एक परदेशी शास्त्रज्ञ कलकत्त्याहून मुंबईत येऊन दाखल झाला. त्यांचे नाव वॉल्डेमार हाफकिन. ते 7 ऑक्टोबर 1896 रोजी मुंबईत आले. त्यांचे वय त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या काळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात मोडते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर गुरू लाभले. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि शरीरात शिरलेल्या जंतूंना त्या गिळून टाकतात, हा शोध याच मेचनिकॉफ यांनी लावला. शरीर रोगाशी कसे लढते, हा प्रश्न हाफकिन यांच्या मनात तेथेच रुजला असावा.

परंतु त्या काळी रशियात ज्यू लोकांवर मोठा अन्याय होत असे. त्याविरुद्ध उभे राहिल्यामुळे तरुण हाफकिन यांना तुरुंगवासही घडला. पुढे विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याचा योग आला. पण त्यासाठी स्वतःचा धर्म सोडावा लागणार होता. हाफकिन यांनी जागा नाकारली. काही वर्षे ते ओडेसाच्या प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयात काम करीत राहिले आणि 1888 साली मायभूमी सोडून स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे गेले. तेथून पुढच्या वर्षी ते पॅरिसला पोहोचले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथपालाची होती. ती त्यांनी पत्करली. पुस्तके लावून ठेवण्याचे काम आटोपले, की उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

येथे रोगजंतूंविषयी थोडे समजून घेणे अवश्य आहे. कारण हाफकिन यांचे सारे आयुष्य त्यांच्याशी झुंजण्यात गेले, आणि त्यांच्यावर जे मोठे संकट आले तेही एका जंतूमुळेच.

जंतू हे एका पेशीचे जीव होत. ते इतके बारीक असतात, की हजारभर जंतू एकापुढे एक मांडले तरी त्यांची रांग जेमतेम एक-दोन मिलिमीटर भरावी. पोषक द्रव्य आणि योग्य ऊब मिळाली, की एका जंतूचे दोन, दोहोंचे चार, अशी त्यांची वाढ झपाट्याने होते. सगळेच जंतू काही शत्रू नव्हेत. दुधाचे दही लावणारे जंतू आपल्या घरोघरी रोज राबत असतात. पण काही जंतू शरीरात शिरून विष निर्माण करतात आणि रोग उत्पन्न करतात. पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. प्लेगचा जंतू आखूड दांडीसारखा असतो, आणि रंगद्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्याची दोन्ही टोके अधिक गडद दिसतात.

याहून निराळे आहेत ते विषाणू. देवी, गोवर, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याने होणारा रोग, हे विषाणूंचे प्रताप. विषाणू जंतूंहूनही पुष्कळच लहान असतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत. जंतू मांसाच्या रश्श्यातही वाढविता येतात. विषाणू मात्र जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढूच शकत नाहीत. पाश्चर यांनी 1885 साली पिसाळण्याच्या रोगावर लस दिली, तेव्हा त्यांनी तो विषाणू कधीही डोळ्यांनी पाहिला नव्हता. न दिसणाऱ्या शत्रूवर त्यांनी केलेली ती मात ज्या संस्थेत सर्वांच्या तोंडी होती, तेथेच हाफकिन शिकत होते.

लस म्हणजे काय? रोगाचे दुबळे केलेले किंवा मारलेले जंतू शरीरात घातले, तर ते रोग उत्पन्न करू शकत नाहीत. पण शरीराला त्यांची ओळख पटते. शरीर त्यांच्याविरुद्ध द्रव्ये तयार करू लागते. पुढे खरा जंतू आला, की शरीर गाफील सापडत नाही. चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवलेल्या पहारेकऱ्यासारखी त्याची स्थिती होते.

हाफकिन यांनी प्रथम पटकीच्या लशीचा शोध लावला. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण इजा झाली नाही. आता खऱ्या साथीत तिची परीक्षा व्हावयास हवी होती. पटकीचे माहेरघर म्हणून त्या काळी बंगालची ख्याती होती, म्हणून 1893 साली हाफकिन भारतात आले. परका माणूस हातात सुई घेऊन वस्तीत शिरतो, हे पाहून लोक साहजिकच बिथरत. अशा वेळी हाफकिन आणि त्यांच्याबरोबरचे बंगाली डॉक्टर जमलेल्या लोकांसमोर स्वतःला टोचून घेत. मग एखादा धीट माणूस पुढे येई, त्याच्यामागून दुसरा येई. दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांवर लोकांना लस टोचली. या श्रमांत त्यांना हिवतापाने गाठले, विश्रांतीसाठी युरोपात परतावे लागले. प्रकृती सुधारताच ते पुन्हा भारतात आले, आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला.

मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी एक खोली आणि तिच्यापुढील व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या सामग्रीवर साऱ्या शहराला ग्रासणाऱ्या रोगाशी सामना द्यावयाचा होता.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, 1894 साली, हाँगकाँग येथे येर्सिन या शास्त्रज्ञाने शोधून काढला होता. लस करण्यासाठी तो जंतू विपुल प्रमाणात वाढविणे जरूर होते. युरोपात जंतू गोमांसाच्या रश्श्यात वाढवीत. ही लस हिंदुस्थानातील लोकांच्या शरीरात जावयाची, तेव्हा त्यांच्या भावना दुखावता कामा नयेत, हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला. तो काचेच्या मोठ्या चंबूंत भरून त्यावर ते थोडे तूप सोडीत. तुपाचे थेंब रश्श्यावर तरंगत आणि प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला चिकटून वाढू लागत. काही दिवसांत गुहेच्या छताला लोंबणाऱ्या दगडी सुळक्यांसारखे पांढुरके धागे रश्श्यात खाली उतरलेले दिसत. चंबू हलविला, की धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवे धागे फुटू लागत. अशा रीतीने पाच-सहा आठवड्यांत चंबू जंतूंनी भरून जाई. नंतर तो तासभर तापवीत. उष्णता अशी बेताने द्यावयाची, की जंतू तर मरावेत, पण शरीराला त्यांची ओळख पटविणारे गुण शाबूत राहावेत. शेवटी त्यात थोडे कार्बॉलिक आम्ल घालीत. आपल्या घरातील तुपाने प्लेगच्या लशीला हातभार लावला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

हे काम अतिशय जिकिरीचे आणि तितकेच जीवघेणे होते. जिवंत प्लेगच्या चंबूंमध्ये दिवसरात्र वावरावे लागे. मदतनीसांपैकी कोणी आजारी पडले, कोणी काम सोडून गेले. हाफकिन मात्र तीन महिने खोलीतून फारसे हललेच नाहीत. जानेवारीच्या आरंभी प्राण्यांवरील प्रयोग पुरे झाले. आता प्रश्न उरला माणसाचा. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी आपल्या दंडात लस टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेच्या सुमारे चौपट. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली, तरीही ते कामावर हजर राहिले. काही दिवसांत ते पूर्ण बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वखुशीने पुढे आले, त्यांना हाफकिन यांनी लस टोचली. सुमारे निम्म्या कैद्यांनी ती घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. दोन्ही गटांचे अन्न एक, पाणी एक, राहणे एका छताखाली. पुढे लस न घेतलेल्यांमध्ये अनेकांना प्लेग झाला आणि त्यांतील काही दगावले. लस घेतलेल्यांमध्ये मात्र रोगी अगदी थोडे निघाले.

दोन गटांची अशी तुलना करण्याची हाफकिन यांची पद्धत मोठी चोख होती. पुढे 1898 साली बडोद्याजवळील उंढेरा या खेड्यात त्यांनी घराघरांत जाऊन प्रत्येक कुटुंबातील जवळजवळ निम्म्या माणसांना लस टोचली. एकाच चुलीवरचे अन्न खाणारी, एकाच ओसरीवर निजणारी माणसे. फरक होता तो केवळ लशीचा. लस घेतलेल्या 71 जणांपैकी 8 जणांना प्लेग झाला व 3 दगावले. लस न घेतलेले 64 होते. त्यांतील 27 जणांना प्लेग झाला व 26 दगावले. लस घेतली म्हणजे रोग मुळीच होणार नाही, असे हाफकिन यांनी कधीच म्हटले नाही. आकडे जे सांगत, तेवढेच ते सांगत.

तरीही लोकांचा विश्वास सहजासहजी बसला नाही, आणि त्याला कारणही होते. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सरकारने अतिशय कठोर उपाय योजले होते. शिपाई घरात शिरून झडती घेत, रोग्यांना ओढून इस्पितळात नेत, सामानसुमान जाळून टाकीत. पुण्यात तर गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाने लोक इतके संतप्त झाले, की जून 1897 मध्ये प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अशा वातावरणात सरकारी सुईविषयी नाना अफवा उठल्या तर नवल नाही. हाफकिन यांची लस घेणे मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. मुंबईत तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले. ते पाहून त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी आपला एक बंगलाही दिला.

याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. हाफकिन यांची लस त्या वेळी अवघी दोन महिन्यांची होती.

प्लेग हळूहळू मुंबईबाहेर पसरत गेला. खेड्यापाड्यांतून उंदीर पडू लागले, की लोक गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. सुशिक्षित मंडळी याला अडाणीपणा समजत असत. पण 1898 साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले, की प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे. उंदीर मेला, की भुकेल्या पिसवा माणसाच्या अंगावर येतात. म्हणजे मेलेल्या उंदरांपासून दूर पळणारा शेतकरी अगदी योग्य तेच करीत होता! सिमाँ यांचे म्हणणेही आरंभी कोणी मानले नाही, आणि पुढे मुंबईतच झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले.

ऑगस्ट 1899 मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलविण्यात आली. जेथे पूर्वी राज्यपालांच्या मेजवान्या झडत, तेथे आता लशीचे चंबू रांगेने मांडले गेले. देशातून आणि परदेशांतून मागणी येऊ लागली. हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते. आणि येथेच त्यांच्यावर कुऱ्हाड कोसळली.

1902 साली पंजाबात लस टोचण्याची मोठी मोहीम चालू होती. 30 ऑक्टोबर रोजी मल्कोवाल या खेड्यात 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवडाभरात त्यांतील 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. या 19 जणांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. तो कठीण कवच धारण करून वर्षानुवर्षे जगतो, आणि हवा नसेल तेथे वाढतो. प्रश्न असा होता, की हा जंतू बाटलीत शिरला कोठे? मुंबईच्या प्रयोगशाळेत, की मल्कोवालमध्ये? लस जलद तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्लाचा वापर थांबवून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. सरकारी चौकशी मंडळाने तेवढ्यावर बोट ठेवून दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्याने हजारो माणसे वाचविली, त्याच्याकडे लोक 19 माणसांचा मारेकरी म्हणून पाहू लागले.

वस्तुतः पुरावा निराळेच सांगत होता. मल्कोवाल येथे ती बाटली उघडताना औषध देणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेता, सौम्य औषधी पाण्यात नुसता खळबळवून त्याने त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले होते. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत बरेच दिवस वाढले असते, तर तिला दुर्गंधी सुटली असती. बूच काढताना तशी दुर्गंधी कोणाला आली नव्हती. पण सरकारी कागद सावकाश चालतात. ज्याने आयुष्यभर जंतूंचा माग काढला, त्याच्यावरील हा डाग पुसायला पाच वर्षे लागली. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न धसास लावला. 1907 साली रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू उघडपणे मांडली आणि त्याच वर्षी ते निर्दोष ठरले.

हाफकिन पुन्हा भारतात आले. पण परळची जागा आता दुसऱ्यांकडे होती. त्यांना कलकत्त्यास नेमण्यात आले. तेथे त्यांनी निवृत्त होईपर्यंत काम केले. तथापि पूर्वीचा उत्साह आणि पूर्वीची संधी त्यांना पुन्हा लाभली नाही. निर्दोष ठरविलेल्या माणसाला त्याची वाया गेलेली वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते युरोपात परतले. त्यांनी विवाह केला नव्हता. आपली संपत्ती त्यांनी आपल्या समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली.

दरम्यान परळला लस तयार होतच होती. 1897 ते 1925 या काळात तेथून सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर पडल्या. पुढे जंतूंचा नाश करणारी नवी औषधे निघाली, प्लेग वेळीच ओळखला तर हमखास बरा होऊ लागला, आणि त्या जुन्या लशीची गरज उरली नाही. परळच्या संस्थेत मात्र सर्पदंशापासून विषाणूंपर्यंत अनेक विषयांवर काम होत राहिले.

1925 साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ही वार्ता हाफकिन यांना दूर युरोपात कळली. मुंबईतील कामातच आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली, असे त्यांनी उत्तरादाखल कळविले. त्या पत्रात मल्कोवालविषयी तक्रारीचा सूर नव्हता. पाच वर्षांनी, 26 ऑक्टोबर 1930 रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी त्यांचे निधन झाले. 1964 साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट काढले.